डायग्राम जुळत नाही? तार काढायच्या आधी दोन्ही सर्किट एकच आहेत का ते बघा

आधी लक्षणं सांगतो, यातलं एखादं तुमच्या वावरात नाहीतर घरात होऊन राहिलं असेल तर पुढचं नीट वाचा.

पाण्याच्या मोटरच्या स्टार्टरच्या, म्हणजे मोटर चालू-बंद करायच्या पेटीच्या, झाकणाच्या आत चिकटवलेला डायग्राम एक सांगतो, डब्यातून निघालेल्या कागदावर दुसराच काढला आहे, आणि आधीच्या मिस्त्रीनं जोडून ठेवलेली वायर तिसरीकडंच गेली आहे.

हिरवं बटण दाबून धरलं तोवर मोटर चालते, बोट उचललं की बसते.

मोटर चालू होते पण लाल बटणानं बंदच होत नाही, मेन स्विच पाडावा लागतो.

लाईन आली रे आली की बटणाला हात न लावता स्टार्टर खटखटखट वाजायला लागतो.

जिन्याचा लाईट खालून-वरून दोन्हीकडून बरोबर चालतो, पण बंद असतानाही होल्डरमध्ये टेस्टर पेटतो.

आणि घरात आयटीआयचा किंवा बारावीचा पोट्टा असेल तर तीन रेझिस्टन्सच्या गणितात त्याचं उत्तर येते 18 ओहम, आणि पुस्तकाच्या मागं लिहिलं असते 2.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात मोटर रिवाइंडिंग आणि स्टार्टरचं काम करतो, पंधरा वर्षं होऊन गेली. ही दुखणी सुरुवातीला मला वेगवेगळी वाटायची. आता वाटत नाही. दोन डायग्राममधला कोणता फरक नुसता चित्र काढण्याचा आहे आणि कोणता फरक खरंच सर्किटचा आहे, हे ओळखता आलं नाही की यातलं काहीतरी होतेच. एकच सर्किट दहा तऱ्हेनं काढता येते, आणि एकसारखी दिसणारी दोन चित्रं दोन वेगळी सर्किटं असू शकतात. दुसरी चूक जास्त महाग पडते.

गेल्या रब्बीतली गोष्ट सांगतो. रात्रीच्या पाळीची लाईन, एका शेतकरी काकांचा हरभरा घाट्यावर आलेला, आणि स्टार्टर धरेना. बोट उचललं की मोटर बसायची. काकांच्या पुतण्यानं झाकण उघडून डायग्राम पाहिला, जोडलेल्या वायरी त्याच्याशी जुळत नाहीत असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं सगळ्या वायरी काढून स्वतःच्या समजुतीनं नव्यानं जोडल्या. मोटर चालू झाली, पोट्टा खूश, काका कोठ्यात झोपले. विहिरीचं पाणी सरल्यावर मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून लेव्हल गार्ड बसवला होता, त्यानं त्याचं काम केलं, आपला कॉन्टॅक्ट उघडला, म्हणजे करंटचा रस्ता तोडला, पण मोटर काही थांबली नाही. रात्रभर कोरडी चालली आणि जळली. कोरड्या मोटरवर लोड नसते, करंट उलट कमी होतो, म्हणून जादा करंट झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोडही पडला नाही. मी सकाळी जाऊन पाहिलं तर आधीची वायरिंग बरोबर होती हे त्या काढलेल्या वायरीच्या लांबीवरून आणि टोकांवरून समजत होतं. मूळ दोष होल्डिंगच्या, म्हणजे बोट उचलल्यावरही मोटर चालू ठेवणाऱ्या कॉन्टॅक्टच्या, एका ढिल्या स्क्रूचा होता. काकांनी एवढंच विचारलं, "भाऊ, दोन्ही नकाशे येगयेगळे हायेत, मंग खरा कोनता?" दोन्ही खरे होते. पुतण्यानं जोडला तो तिसरा होता.

म्हणून हा क्रम लिहून राहिलो. सोपं आणि फुकटचं आधी, अवघड मागून.

सगळ्यात आधी मेन स्विच पाडा आणि फ्यूजचे ग्रिप काढून घ्या. नुसता स्टार्टर बंद करून झाकणात बोट घालू नका, स्टार्टर बंद असला तरी वरच्या तीन टर्मिनलवर लाईन असतेच. निऑन टेस्टरवर पूर्ण भरवसा ठेवू नका, दिवसा उन्हात त्याचा दिवा दिसतही नाही. टेस्ट लॅम्प लावायचा असेल तर दोन बल्ब सिरीजमध्ये घेतलेला लावा, कारण दोन फेजमध्ये 415 व्होल्ट असतात आणि 240 चा एकटा बल्ब फुटू शकतो. मग मोबाईलवर आतल्या वायरिंगचे तीन-चार फोटो काढा, एक समोरून, बाकीचे बाजूनं. वायरीचं टोक कोणत्या स्क्रूला आहे ते फोटोत दिसलं पाहिजे. पुतण्यानं एवढं केलं असतं तरी गोष्ट तिथंच थांबली असती.

आता कागद हातात घ्या आणि तो कोणत्या जातीचा आहे ते बघा. झाकणावर बहुतेक वेळा वायरिंग डायग्राम असतो, म्हणजे कॉइल (करंट मिळाला की कॉन्टॅक्ट ओढून जोडणारं वेटोळं) खाली आहे तर चित्रातही खाली, बटणं उजवीकडं तर चित्रातही उजवीकडं, वायरी जशा फिरतात तशा काढलेल्या. आयटीआयच्या पुस्तकात असतो तो स्किमॅटिक, त्याच्यात सामान कुठं बसलं आहे याच्याशी काही देणंघेणं नसते, करंट कुठून कुठं जातो तेवढंच दाखवतात. लग्नातला ग्रुप फोटो आणि घराची वंशावळ यांच्यासारखं आहे हे. माणसं तीच, एकात कोण कोणाशेजारी उभा आहे ते दिसते, दुसऱ्यात कोण कोणाचा लागतो ते. फोटोत मामा डावीकडं उभा आहे आणि वंशावळीत उजवीकडं लिहिला म्हणून मामा बदलत नाही. वायरिंग डायग्राम आणि स्किमॅटिक नुसत्या नजरेनं कधीच जुळणार नाहीत, त्या जुळत नाहीत म्हणून वायरी काढणं चूक आहे.

दुसरं, चित्र कोणत्या अवस्थेचं आहे. स्टार्टरचा डायग्राम लाईन नसताना आणि बटण न दाबता काढायची पद्धत आहे. म्हणून त्याच्यात होल्डिंगचा कॉन्टॅक्ट उघडा दिसतो आणि लाल बटण जोडलेलं दिसते. मोटर चालू असताना हातातलं प्रत्यक्ष स्टार्टर वेगळं दिसणारच.

आता खुणा. इथं लय जण फसतात. दोन उभ्या समांतर रेघा, आजूबाजूनं वायर, ही खूण शाळेत कपॅसिटरची शिकवतात, पण शिडीसारख्या काढलेल्या कंट्रोल डायग्राममध्ये तीच खूण उघड्या कॉन्टॅक्टची असते, आणि तिच्यावर तिरपी रेघ मारली की बंद, म्हणजे आधीपासून जोडलेला, कॉन्टॅक्ट. माझ्याकडं एक जण स्टार्टरसाठी कपॅसिटर विकत घेऊन आला होता, डायग्राममध्ये दाखवला आहे म्हणे. रेझिस्टन्स कोणी नागमोडी काढते, कोणी चौकोनी डबी, दोन्ही एकच. कॉइल कुठं गोल तर कुठं आयत. आणि दोन रेघा एकमेकीला ओलांडून जातात तिथं ठिपका आहे का ते भिंग लावून बघा, ठिपका असेल तर जोड, नसेल तर नुसती एकावरून एक गेलेली वायर. जुन्या कागदात ठिपक्याऐवजी उलटं करतात, जोड नसेल तिथं अर्धा गोल उडी काढतात. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये ठिपके उडून जातात किंवा शाईचा डाग ठिपका होऊन बसतो, म्हणून शंका आली तर मूळ कागद मागा. एका ठिपक्यानं सर्किट बदलते.

कॉइलजवळ व्होल्ट लिहिले असतात तेही वाचा. 415 ची कॉइल दोन फेजमध्ये लागते, 240 ची फेज आणि न्यूट्रलमध्ये. दोन्हीचे डायग्राम जवळजवळ सारखे दिसतात, फक्त शेवटच्या टोकाला एकात दुसरी फेज आणि एकात न्यूट्रल. 240 ची कॉइल दोन फेजमध्ये गेली तर काही वेळातच वास येतो, आणि 415 ची कॉइल न्यूट्रलवर लावली तर ओढतच नाही, नुसती गुणगुणते. तेव्हा हा फरक चित्राचा नाही, खरा आहे.

इथवर एक रुपयाही लागला नाही आणि माझ्याकडं येणाऱ्या अर्ध्या तक्रारी इथंच मिटतात. पण मिटली नाही तर पुढचं काम करा, याच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. पोट्ट्याच्या दप्तरातले रंगीत पेन्सिल घ्या.

नियम एकच. वायरनं थेट जोडलेलं सगळं म्हणजे एकच पॉइंट. पुस्तकात त्याला नोड म्हणतात. वायर सरळ काढली, वाकडी काढली, अख्ख्या कागदाला वळसा घालून आणली, तिच्यातून तीन फांद्या फोडल्या, तरी मध्ये बटण, कॉन्टॅक्ट, कॉइल, फ्यूज असं काही येत नाही तोवर तो एकच पॉइंट. तर एका टोकापासून सुरू करा, आर, वाय, बी या तीन फेजपैकी आर फेजची वायर लाल रंगानं रंगवा, जिथं सामान आलं तिथं थांबा. सामानाच्या पलीकडून नवा रंग. फांदी फुटली तर फांदीलाही तोच रंग, ठिपक्यातून पुढं गेली तर तिलाही तोच. सगळा कागद रंगवून झाला की प्रत्येक रंगाला एक नंबर द्या आणि सामानाची यादी करा, कोणतं सामान कोणत्या दोन नंबरच्या मध्ये आहे. बस. चित्र बाजूला ठेवून द्या, आता यादी म्हणजेच सर्किट.

काकांच्या स्टार्टरची बरोबर यादी अशी होती:

ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट 1–2
लेव्हल गार्ड 2–3
लाल बटण 3–4
हिरवं बटण 4–5
होल्डिंग 4–5
कॉइल 5–6

एक म्हणजे आर फेज, सहा म्हणजे बी फेज. झाकणावरच्या चित्राची यादी केली, हीच आली. कागदावरच्या चित्राची केली, हीच आली. एकात होल्डिंगची वायर लाल बटणाच्या खालच्या स्क्रूवरून घेतली होती आणि दुसऱ्यात हिरव्या बटणाच्या वरच्या स्क्रूवरून, पुतण्याला तोच मोठा फरक वाटला, पण त्या दोन स्क्रूंच्या मध्ये नुसती वायर आहे, म्हणजे दोन्ही पॉइंट 4. कुठूनही घ्या. आणि त्यानं स्वतः जोडली तिची यादी केली तर बाकी सगळं तेच, फक्त होल्डिंग 2–5. एक आकडा बदलला. त्या एका आकड्यानं लेव्हल गार्ड आणि लाल बटण दोन्ही बाजूला पडले, कॉइलला दुसरा रस्ता मिळाला, मग लाल बटण दाबा नाहीतर पाणी सरू द्या, कॉइल सुटतच नाही. वरचं तिसरं लक्षण म्हणजे हेच. होल्डिंगची वायर ढिली असेल किंवा यादीत होल्डिंगच गायब असेल तर दुसरं लक्षण. आणि होल्डिंगला उघड्याच्या जागी बंद कॉन्टॅक्ट वापरला तर लाईन येताच कॉइल ओढते, ओढली की तोच कॉन्टॅक्ट उघडतो, कॉइल सुटते, सुटली की परत जोडतो, म्हणून खटखटखट. तेव्हा यादीत नंबर लिहितानाच प्रत्येक कॉन्टॅक्टपुढं उघडा की बंद तेही लिहा.

तुम्ही दुसऱ्या चित्रावर नंबर दुसऱ्या क्रमानं टाकले तर आकडे वेगळे येतील, त्याचं टेन्शन घेऊ नका. कॉइल एकच असते, तिच्यापासून सुरू करा. कॉइलच्या एका टोकाला थेट फेज किंवा न्यूट्रल आहे, तो नंबर दोन्हीकडं जुळवा, दुसऱ्या टोकाला किती सामान लागलं आहे ते मोजा, तीन वस्तू इकडं असतील तर तिकडंही तीनच पाहिजेत. असं एकेक नंबर जुळवत गेलं आणि शेवटी एकही वस्तू उरली नाही तर दोन्ही सर्किट एकच. एखाद्या पॉइंटला इकडं तीन वस्तू आणि तिकडं चार असतील तर पुढं डोकं लावायचं कामच नाही, फरक सापडला.

यादी जुळली नाही तरी सर्किटचं काम तेच असू शकते, हा पुढचा टप्पा. एका मागे एक, सिरीजमध्ये असलेल्या वस्तूंची अदलाबदल केली तर करंटला फरक पडत नाही. काही कंपन्या ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट लाल बटणाच्या आधी काढतात, काही कॉइलच्या पलीकडं. यादी वेगळी येते, मोटर सारखीच चालते आणि सारखीच पडते. पुस्तकाच्या हिशोबानं दोन्ही बरोबर.

पण वावराचा हिशोब वेगळा आहे, आणि हे मी जिथं जातो तिथं सांगतो. 240 ची कॉइल असेल, आणि लाल बटण फेजकडून न घेता न्यूट्रलकडून घेतलं असेल, तर बटण दाबल्यावर मोटर बंद होते, पण कॉइल आणि बटणापर्यंतची वायर अजूनही फेजवर असते. आता ती वायर विहिरीपर्यंत किंवा घरापर्यंत जमिनीतून नेलेली आहे, पावसाळ्यात कुठं इन्शुलेशन सोललं, ओल लागली, तर कॉइलला न्यूट्रलऐवजी जमिनीतून रस्ता मिळतो आणि बटण दाबूनही कॉइल सुटेलच असा भरवसा राहत नाही. म्हणून बटण, फ्लोट, लेव्हल गार्ड, जे जे बंद करायचं सामान आहे ते फेजच्या बाजूला, आणि 240 ची कॉइल थेट न्यूट्रलला. कागदावर अदलाबदल चालते म्हणून जमिनीतही चालते असं समजू नका.

आणखी एक धोक्याची अदलाबदल. काही साध्या स्टार्टरमध्ये होल्डिंगला वेगळा कॉन्टॅक्ट नसतो, मेन कॉन्टॅक्टच्या खालच्या बाजूनं वायर घेतात. ते चालते, पण हिरवं बटण ज्या फेजवर आहे त्याच फेजच्या कॉन्टॅक्टखालून घ्यायची. बटण आर वर आणि होल्डिंग वाय च्या खालून घेतलं तर चित्रात एका रेघेचा फरक दिसते, आणि प्रत्यक्षात बटण दाबलेलं असताना कॉन्टॅक्ट ओढले की दोन फेज सरळ भिडतात. बटण बोटाखाली असतानाच स्फोट होतो. रंगवायची पद्धत वापरली तर हे कागदावरच दिसून येते, दोन फेजचे रंग एकाच पॉइंटला येऊन भेटतात.

आता पोट्ट्यांच्या गणिताकडं येतो, कारण संध्याकाळी दुकानात दोन-तीन जण वही घेऊन बसतातच. 6 ओहमचे तीन रेझिस्टन्स एका सरळ रेघेत काढले आहेत, पॉइंट ए, मग पहिला, मग बी, मग दुसरा, मग सी, मग तिसरा, मग डी. वरून एक वायर ए पासून सी पर्यंत उडी मारून गेली आहे आणि खालून एक बी पासून डी पर्यंत. ए आणि डी मध्ये किती ओहम? सगळे म्हणतात सिरीज, 18. आता रंगवा. ए आणि सी वायरनं जोडले, म्हणजे दोन्ही लाल. बी आणि डी जोडले, म्हणजे दोन्ही निळे. पहिला रेझिस्टन्स लाल–निळा, दुसरा निळा–लाल, तिसरा लाल–निळा. तिन्ही त्याच दोन पॉइंटमध्ये, म्हणजे तिन्ही पॅरलल, 6 भागिले 3, उत्तर 2. सरळ रेघेत काढलं म्हणून सिरीज होत नाही. दोन वस्तूंच्या मधल्या पॉइंटला तिसरं काहीच लागलेलं नसेल तरच सिरीज, आणि दोन्ही टोकं त्याच दोन पॉइंटला असतील तरच पॅरलल. हे एकदा समजलं की पोट्ट्याचा चेहरा उजळतो, मला ते बघायला फार आवडते.

मग येतो ब्रिज. पाच रेझिस्टन्स, कोणी शंकरपाळ्यासारखा काढते, कोणी चौकोनात आडवी रेघ मारून, कोणी शिडीसारखा. यादी करा, तिन्ही एकच निघतात. हे सर्किट व्हीटस्टनच्या नावानं ओळखलं जाते, पण त्याच्या दहा वर्षं आधी, 1833 मध्ये, सॅम्युएल हंटर ख्रिस्ती यांनी ते मांडलं होतं, व्हीटस्टन यांनी 1843 मध्ये ते लोकांपुढं आणलं. एका बाजूला 10 आणि 20, दुसऱ्या बाजूला 15 आणि 30 असेल तर प्रमाण सारखं आहे, मधल्या रेझिस्टन्समधून करंट जातच नाही, तो काढून टाकला किंवा तिथं नुसती वायर टाकली तरी बाहेरून फरक पडत नाही. प्रमाण सारखं नसेल तर यातले कोणतेही दोन सिरीजही नाहीत आणि पॅरललही नाहीत, तिथं जबरदस्तीनं सिरीज-पॅरलल करायला गेलं की उत्तर चुकलंच. किरचॉफचे 1845 चे नियम लावा, नाहीतर डेल्टाचं, म्हणजे त्रिकोणात जोडलेल्या तिघांचं, स्टार, म्हणजे मधल्या एका पॉइंटला जोडलेले तीन, करून घ्या.

डेल्टाचं स्टार म्हटलं की मोटरवर यावंच लागते. 30 ओहमचे तीन रेझिस्टन्स डेल्टात आणि 10 ओहमचे तीन स्टारमध्ये, हे दोन्ही डबे बंद करून फक्त तीन टोकं बाहेर ठेवली तर कोणत्याही मीटरनं तुम्हाला फरक सांगता येणार नाही. कोणतीही दोन टोकं मोजा, दोन्हीकडं 20 ओहम. केनेली यांनी 1899 मध्ये हे रूपांतर मांडलं. म्हणून सबमर्सिबलच्या तीन वायरी मोजून आत स्टार आहे की डेल्टा हे कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकू नका. पण ज्या मोटरच्या सहा वायरी बाहेर आहेत तिथं गोष्ट वेगळी, तिथं वाइंडिंग तीच असते आणि आपण पट्ट्या बदलतो. डेल्टाची मोटर स्टारमध्ये जोडली तर प्रत्येक वाइंडिंगला 415 च्या जागी साधारण 240 व्होल्ट मिळतात, ताकद तिसऱ्या हिश्श्यावर येते, लोडवर मोटर गरम होऊन बसते. आणि स्टारची मोटर डेल्टात जोडली तर 240 च्या वाइंडिंगवर 415 पडतात, ती जळतेच. टर्मिनल बॉक्समध्ये तीन पट्ट्या उभ्या की दोन आडव्या एवढाच फरक दिसतो. इथं मोटरच्या पाटीवर लिहिलं आहे तेच खरं, झाकणावरचा कागद दुसऱ्या मॉडेलचा असू शकतो.

आता जिन्याच्या लाईटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा धोका कोणाला दिसत नाही. दोन टू-वे स्विच आहेत, प्रत्येक वर किंवा खाली, म्हणजे चार अवस्था. त्या चार ओळी लिहून प्रत्येकीत दिवा पेटतो की नाही ते लिहायचं, दोन सर्किटचं काम सारखं आहे का हे बघायची ही चांगली रीत आहे. एका पद्धतीत फेज पहिल्या स्विचच्या मधल्या टोकाला, तिथून दोन वायरी दुसऱ्या स्विचला, दुसऱ्याच्या मधल्या टोकापासून दिवा, दिव्याचं दुसरं टोक न्यूट्रलला. दुसऱ्या पद्धतीत वायर वाचवायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही प्रत्येक स्विचला देतात, आणि दिवा दोन्ही स्विचच्या मधल्या टोकांत. चारही ओळी लिहा. दोन्ही पद्धतींत दोन वेळा पेटतो, दोन वेळा विझतो. तक्ता तंतोतंत जुळतो.

पण दुसऱ्या पद्धतीत विझायच्या दोन अवस्थांपैकी एकीत दिव्याची दोन्ही टोकं न्यूट्रलवर असतात आणि दुसरीत दोन्ही टोकं फेजवर. दिवा विझलेला, होल्डरचे दोन्ही पॉइंट जिवंत. आमच्या इकडच्या एका घरी सून स्टुलावर उभी राहून बल्ब बदलायला गेली, स्विच बंद करूनच गेली होती, आणि झटका बसून खाली पडली, मनगट मोडलं. तिनं काहीच चूक केली नव्हती. शिवाय त्या पद्धतीत एकाच स्विचच्या आत फेज आणि न्यूट्रल शेजारी-शेजारी असतात, स्विच झिजला की आतच शॉर्ट. तेव्हा तक्ता जुळला म्हणून सर्किट एक झालं नाही. तक्त्यात आणखी एक रकाना घाला, दिवा बंद असताना होल्डरवर काय आहे तो. तुमच्या घरी पाचवं लक्षण असेल तर आधी साधी गोष्ट तपासा, एकाच स्विचच्या लाईटलाही न्यूट्रलवर स्विच टाकला असला की असंच दिसते, ते बोर्डात दोन वायरी बदलून सुधारते. जिन्याचा असेल तर वायर वाढवून पहिल्या पद्धतीनं करून घ्या, दुसरा इलाज नाही.

कागदावर सगळं जुळलं आणि तरी चालत नसेल तर मल्टिमीटर. लाईन पूर्ण बंद, कंटिन्युटीवर बझर लावा, आणि यादीतला एकेक पॉइंट तपासा, पॉइंट 4 चे सगळे स्क्रू एकमेकांशी वाजले पाहिजेत, आणि 4 व 5 मध्ये बटण न दाबता वाजायला नको, दाबल्यावर वाजलं पाहिजे. मोटरच्या वायरी स्टार्टरच्या खालून काढून मगच मोजा, नाहीतर वाइंडिंगमधून रस्ता मिळून मीटर खोटं बोलते. सिंगल फेजच्या पॅनलमध्ये कपॅसिटर असतो, त्याला हात लावायच्या आधी तो रेझिस्टन्सवरून किंवा बल्बवरून उतरवून घ्या, लाईन काढल्यावरही त्याच्यात चार्ज राहतो.

आणि एक गोष्ट, वायर म्हणजे एकच पॉइंट हे कागदावर खरं आहे. 2.5 चौरस एमएमच्या तांब्याच्या वायरीला किलोमीटरला साधारण साडेसात ओहम रेझिस्टन्स असतो. डीपीपासून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून, विहीर 300 मीटर असेल आणि सिंगल फेजची मोटर 10 अँपिअर घेत असेल तर जातानाच 22 व्होल्ट पडतात, येताना तेवढेच, म्हणजे 240 चे विहिरीवर 195 उरले. डायग्राम बरोबर, यादी बरोबर, आणि स्टार्टर तरी धरत नाही, याचं कारण बरेचदा हे असते. मोटर चालू होताना विहिरीवरचे व्होल्ट मोजले पाहिजेत, आणि ते काम माहितगार माणसाकडूनच करा, कारण ते चालू लाईनवर करावं लागते.

आता कुठं थांबायचं ते. फ्यूजचे ग्रिप काढूनही आत कुठं टेस्ट लॅम्प पेटला, तर हात काढा, कुठून तरी दुसरी लाईन येऊन राहिली आहे. दोन वेळा यादी केली आणि दोन वेळा वेगळी आली, थांबा. स्टार्टरच्या पेटीला किंवा पाइपाला मुंग्या आल्यासारखं लागते, तर त्या विहिरीवर कोणाला जाऊ देऊ नका, जनावरंही बांधू नका, अर्थिंग बघणारा वायरमन बोलवा. स्टार-डेल्टाचा स्टार्टर, ज्यात तीन कॉन्टॅक्टर आणि टायमर असतो, तो पहिल्यांदाच उघडत असाल तर नका उघडू, त्याच्यात स्टार आणि डेल्टा एकाच वेळी ओढले की तिन्ही फेजचा शॉर्ट होतो. सोलर पंपाच्या पॅनलकडून येणारी डीसी, तिची स्पार्क एसीसारखी विझत नाही, चालू लोडवर कनेक्टर ओढू नका, कंट्रोलर बंद करून कंपनीचा माणूस बोलवा. आणि डीपीवरचे फ्यूज, खांबावरची वायर, मीटरच्या आधीचं काहीही, तिथं महावितरणच्या लाईनमनशिवाय कोणी चढायचं नाही, रात्रीची पाळी असो, पीक सुकून राहिलं असो, तरी नाही. दरवर्षी आपल्या भागातला कोणी ना कोणी तिथं जातो.

वायरमन बोलवाल तर परवाना असलेला बोलवा. तो येईपर्यंत मेन पाडून फ्यूजचे तिन्ही ग्रिप खिशात ठेवा, कोणी मागून येऊन चढवायला नको. दोन्ही कागद, फोटो आणि तुम्ही केलेली यादी त्याच्या हातात द्या, त्याचा अर्धा तास तिथंच वाचतो.